उपासाचं वटवाघूळ

१३ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन आले. फादर वॅलेरनी ती पोस्टात तिकिटावर शिक्का मारावा तशी लावली. आमचे फादर अन्सेल्म अंगठा टेकवायचे तेव्हा आपण खरोखर माती आहोत असं वाटायचं, आणि माती असण्यात काही वाईट नाही असंही वाटायचं. या नव्या मुलाला धड दाढीसुद्धा नाही. पायात कापडी बूट. गिटार वाजवतो. त्याला 'मोंपेर', म्हणजे 'माझे बाबा', म्हणून हाक मारताना माझी जीभ अडखळते. पण मी कॉन्व्हेंटात शिकले आहे, म्हणून हाक मारते.

आज त्याने प्रवचनाच्या शेवटी जाहीर केलं, की वटवाघूळ पिलाला अंगावर पाजतं, त्याचं रक्त गरम असतं, तेव्हा त्याचं मांस हे मांसच. उपवासकाळात शुक्रवारी ते कोणी खाऊ नये. देवळात कुजबुज झाली. वटवाघळांना जाळी लावणारा फिलिबेर मान वळवून माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच उठून उत्तर देणार.

वटवाघूळ सस्तन प्राणी आहे हे मला या मुलाकडून शिकायचं नाही. मी ते चौथीच्या वर्गाला फळ्यावर काढून शिकवलं आहे, फिलिबेरसकट. प्रश्न तो नाहीच. मी लहान असताना एका वर्षी समुद्र असा खवळला, की सबंध उपवासकाळात एक होडी बाहेर पडली नाही. मासे नाहीत, शुक्रवारी मांस नाही, नुसते विलायती फणस उकडून खायचे. तेव्हा फादर अन्सेल्म देवळाच्या पायरीवर उभे राहिले, वर डोंगरउतारावर बोट दाखवलं आणि म्हणाले, "जे झाडाला लटकतं ते फळ." झालं. तेव्हापासून या बेटावर शुक्रवारी वटवाघळाचं कालवण होतं. कोणी मेलं नाही, कोणी नरकात गेल्याचं ऐकिवात नाही.

घरी येऊन लेओकादीला सांगितलं. वाटलं होतं, ती भडकेल. माझी थोरली बहीण तापट आहे, किंवा होती. हृदय दुखायला लागल्यापासून ती खिडकीशी खुर्चीत बसून असते. तिने फक्त विचारलं, "सगळ्यांसमोर म्हणाले?"

"सगळ्यांसमोर."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

"मग काय, त्यांचंच खरं," ती म्हणाली आणि खिडकी आणखी उघडायला लावली.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

मी कालवण केलंच. फिलिबेरकडून गेल्या आठवड्यात घेतलेलं होतं, शिर्क्यात मुरवून ठेवलेलं. आलं, लसूण, दालचिनीची पानं, वरून नारळाचं दाट दूध. बरोबर भात आणि कच्च्या पपईची चटणी. हे आमच्या आईचं कालवण. दिवसभर खपले.

लेओकादीने ताट सरकवलं. म्हणाली, "मांस आहे ते."

मी म्हटलं, "इतकी वर्षं खाल्लंस."

"म्हणूनच," ती म्हणाली.

म्हणजे ती आता मागचे सगळे शुक्रवार पाप म्हणून मोजत बसली असणार. एवढी धार्मिक बाई, आजारी, आणि या गिटारवाल्याने एका वाक्यात तिला पापी ठरवलं. तिने फणसाच्या दोन उकडलेल्या फोडी मीठ लावून खाल्ल्या. मी दोन्ही ताटं संपवली. कालवण उत्तम झालं होतं.

१९ फेब्रुवारी

फादर वॅलेरच्या घरी गेले. तो अंगणात मोटरसायकल उलटी करून बसला होता, हात तेलाने काळे. मला त्याने बादलीवर बसायला सांगितलं. बादलीवर! मी उभी राहिले.

फादर अन्सेल्मनी काय निर्णय दिला होता ते मी त्याला शब्दशः सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मादमोझेल, तो विनोद असेल असं कधी वाटलं नाही?"

"फादर अन्सेल्म विनोद करत नसत," मी म्हटलं. "हसत मात्र असत."

मग मी त्याला सुनावलं, की तुमच्या एका वाक्याने माझी बहीण जेवत नाही, तिचं मन तुम्ही मोडलंत. त्याने काही तरी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि हात पुसत राहिला. म्हणाला, मी भेटायला येईन त्यांना. उत्तर द्यायचं नसलं की ही हल्लीची मुलं भेटायला येतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि या पाण्याला तर खळखळाटही नाही.

२४ फेब्रुवारी

माहेहून, राजधानीच्या बेटावरून, एक बाई आली आहे, मिस दोरिना. सरकारतर्फे वटवाघळांचा अभ्यास करते. पँट घालते, गळ्यात दुर्बीण. आमच्या व्हरांड्यातून उतारावरचं सांद्रागोंचं झाड समोर दिसतं, सगळी वटवाघळं दिवसा त्यालाच लटकलेली असतात. म्हणून तिला इथे बसायचं होतं. मी बसू दिलं. मनात आलं, धर्मशास्त्र नाही तर निदान विज्ञान तरी उपयोगी पडेल. आपलं वटवाघूळ कदाचित वेगळंच काही निघायचं.

तिने चहा पीत पीत सगळं सांगितलं. वर्ग सस्तन, कुल फळं खाणाऱ्या वटवाघळांचं, त्यातली एक प्रजाती, आणि त्या प्रजातीतली ही जाती फक्त आमच्या बेटांवर. कोमोरोच्या बेटांवर यांची भावंडं आहेत, तीही याच जातीची, की वेगळ्या पोटजातीची, यावर दोन विद्वान एकमेकांशी बोलायचे बंद झाले आहेत. मी विचारलं, "या तुमच्या खणांमध्ये असा एखादा खण आहे का, ज्यात ते मांस नाही?" ती हसली. मी विनोद केला नव्हता.

मग ती म्हणाली की ही आंबे, जाम, देशी बदाम आणि रानउंबरं खातात. बोटीत ओकून ओकून इतक्या लांब यायचं आणि आम्हाला सांगायचं की वटवाघळं आंबे खातात!

लेओकादीला मात्र तिचं भारी कौतुक. याच झाडावर का, म्हणून तिने विचारलं. दोरिना म्हणाली की झाड उंच हवं, उतारावर हवं. त्यांना जमिनीवरून उडता येत नाही, वरून खाली पडून पंखात वारं धरावं लागतं. इथे समुद्रावरून वारा वर चढतो, सकाळचं ऊन लागतं, वर कोणी जात नाही. अशी जागा बेटावर दुसरी नाही.

"आणि झाडाजवळ जाळी लावली तर?" लेओकादीने विचारलं.

"चार पकडली जातात, मावशी, आणि बाकीची निघून जातात. इथून दुसरं बेट त्यांना काही लांब नाही. परत येतील याचा भरवसा नाही."

लेओकादीचा चहा निवून गेला. मी तिला दुसरा करून दिला, तोही निवला. शेजारच्या बेटावर गेली तर गेली, त्यात एवढं काय? पण आजारी माणसाला काहीही लागतं.

८ मार्च, शुक्रवार

फादर वॅलेर आले होते. दार लावून लेओकादीचं पापनिवेदन ऐकलं. मी स्वयंपाकघरात मसूर निवडत होते, आणि आतून हसण्याचा आवाज आला. दोघांच्या हसण्याचा. कॉन्व्हेंटात आमच्या मदर क्लेमांसच्या वेळी पापनिवेदनाहून मुली डोळे पुसत यायच्या. हे महाशय बाहेर आले ते दोन आंबे घेऊन, तिने दिलेले. माझ्याकडे बघून इतक्या नम्रपणे मान लववली की मला शंका आली.

संध्याकाळी लेओकादीने मसुराची आमटी दोनदा मागून घेतली. हा माझ्या संत रीटाच्या नोव्हेनाचा, नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा गुण. दुसरं काही कारण दिसत नाही.

१५ मार्च

डॉक्टर बोटीने आला होता. हृदय फुगलं आहे म्हणतो. बाहेर येऊन मला म्हणाला, आंब्याचा पुढचा मोसम त्या बघतील असं धरून चालू नका. मी त्याला म्हटलं, शर्टाची बटणं नीट लाव, वरचं बटण खालच्या काजात गेलंय.

लहानपणी कॉन्व्हेंटात मला ताप आला, तेव्हा ही लेओकादी मोठ्या मुलींच्या खोलीतून रांगत रांगत माझ्या खाटेखाली येऊन झोपली होती. सकाळी सिस्टरांना फक्त तिचे पाय दिसले. दोन दिवस कोपऱ्यात उभी केली तिला. तिने कारण सांगितलं नाही.

१८ मार्च

पुन्हा फादर वॅलेरकडे गेले. या वेळी भांडायला नाही, मागायला. म्हटलं, मोंपेर, येत्या रविवारी देवळात एवढंच सांगा, की फादर अन्सेल्मच्या शब्दावर ज्यांनी खाल्लं त्यांना पाप नाही. माझी बहीण आता फार दिवसांची नाही. तिला घाबरत घाबरत जाऊ देऊ नका.

त्याने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मादमोझेल, त्या घाबरलेल्या नाहीत. मी सांगायचं नाही असं ठरलं होतं. हे पापनिवेदनातलं नव्हे, नुसत्या बोलण्यातलं. पण तुम्ही अशा आलात तर मला राहवत नाही. जानेवारीत त्यांनीच मला विचारलं, मोंपेर, हे मांस आहे की नाही, सरळ सांगा. मी म्हटलं, आहे. तर म्हणाल्या, मग देवळात सांगा. मोठ्याने. तितांसला ऐकू जाईल असं."

तितांस म्हणजे मी. हे नाव घेणारी आता एकच उरली आहे.

घरी आले. टोपी न काढता तिच्यासमोर उभी राहिले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "फोडलं वाटतं त्या पोराने."

"का?" मी विचारलं.

"मला ते कधीच आवडलं नाही, तितांस. ती सगळी बारीक हाडं. तो वास."

"तू ताट चाटूनपुसून खायचीस."

"आई गेल्यावर तू पहिल्यांदा रांधलंस ते तेच. एवढीशी होतीस, हात भाजून घेतलास. मी काय म्हणणार होते? खाल्लं. मग दर शुक्रवारी खात गेले. लवकर लवकर खायचं, म्हणजे संपतं."

"मग आताच काय झालं?"

तिने खिडकीकडे हात केला. "दिवसभर मला हीच सोबत. तू शिकवण्या घेतेस, बाजारात जातेस, लोकांना शहाणं करतेस. मी यांच्याकडे बघते. भांडतात, पिलं कुशीत घेतात, ऊन चढलं की पंखांनी वारा घालतात. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं, त्यांनाच संध्याकाळी ताटात कसं घ्यायचं?"

"मला सांगायचंस."

"तुला? तुझ्यासमोर बोलायला निदान चर्च तरी पाठीशी हवं. वाटलं, देवाला तू उलट बोलणार नाहीस."

"बोलले."

"हो," ती म्हणाली, "तेही कळलं मला."

मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली. इतक्या वर्षांचं नारळाचं दूध. तिला मीठ कमी हवं की जास्त, हे विचारायचे मी दर वेळी.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

झावळी घेऊन परत येताना उतारावर बांबू उभे केलेले दिसले. सांद्रागोंच्या अगदी खाली, वटवाघळं जिथून निसटून उडतात त्या मोकळ्या जागेत. फिलिबेर दोर बांधत होता.

ईस्टरला त्याच्या नातीचा बाप्तिस्मा आहे. मुलीचा सासरा येणार माहेहून, सरकारी खात्यातला माणूस. फिलिबेर म्हणाला, "शुक्रवारची बंदी झाली मादमोझेल, रविवारची नाही. उलट मोंपेरनीच सांगितलं की मांस आहे. मग सणाला मांस नको? उपासभर कोणी हात लावला नाही, नुसती लगडलीत बघा. शनिवारी जाळं चढवतो." वर मलाच म्हणाला, तुम्हालाही ताट पाठवतो, शिकवलंयत तुम्ही मला. शिकवलं, पण काय शिकवलं याचा आज मला पत्ता लागेना.

जमीन सरकारी आहे, मी हाकलू शकत नाही. दोरिना माहेला परत गेली, ती असती तरी टिपणं काढत बसली असती. फादर वॅलेरकडे गेले. तो पांढराफटक पडला. म्हणाला, "ईस्टरला मांस खाऊ नका असं मी कुठल्या तोंडाने सांगू?" त्याची अशी फजिती बघायची माझी इच्छा होती. बघितल्यावर वाटलं तेवढी मजा आली नाही.

लेओकादीने बांबू बघितले आहेत. खिडकी लावून घे म्हणाली.

२६ मार्च

जेवत नाही. या वेळी खरोखर. मसुराची आमटी तशीच परत येते. झाड रिकामं झालेलं बघायच्या आधी मी जाईन, एवढंच म्हणाली, आणि तेसुद्धा तक्रारीच्या सुरात नाही. बाजाराला काय आणायचं ते सांगावं तसं.

मी फिलिबेरला दया दाखव म्हणून सांगून आले. तो दयाळू आहे. म्हणाला, मावशींसाठी मऊ मऊ बघून देतो.

२८ मार्च, पवित्र गुरुवार

पाय धुण्याचा विधी झाला. फादर वॅलेरनी बारा कोळ्यांचे पाय धुतले, निदान ते तरी नीट धुतले. मग सगळे देवळाच्या पडवीत थांबले. सगळा गाव होता. फिलिबेरची बायको एर्मिनी नवी टोपी घालून आली होती, रविवारी घालायची ती आजच मिरवत.

मी फिलिबेरला हाक मारली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा तो आवाज मी बऱ्याच दिवसांनी काढला.

"काय रे फिलिबेर, रविवारी बेत काय?"

"वटवाघळाचं कालवण, मादमोझेल. सांगितलं ना तुम्हाला."

"हो, सांगितलंस. म्हणजे उपासाचंच."

"उपासाचं कसं? मोंपेर म्हणाले मांस आहे."

"मोंपेर आता आले. तुझा आजा हे कधी खायचा? शुक्रवारी. तुझा बाप? शुक्रवारी. या गावात हे कधी खाल्लं जातं ते माहेला चांगलं ठाऊक आहे. होडी बाहेर पडली नाही, मासा मिळाला नाही, म्हणजे खायचं ते. आता तुझा व्याही घरी जाऊन सांगेल, ईस्टरला गेलो, नातीचा बाप्तिस्मा, आणि त्यांनी मला उपासाचं वाढलं."

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. एर्मिनीच्या मानेवर लाली चढत चढत टोपीपर्यंत गेली.

"मी तुला तेव्हाच म्हटलं होतं," ती नवऱ्याला म्हणाली, "डुक्कर बघ."

"तू कधी म्हटलंस?"

"म्हटलं होतं."

मी पुढे एक शब्द बोलले नाही. कुठे थांबायचं हे कॉन्व्हेंटात शिकवतात.

३० मार्च, शनिवार

बांबू काढून नेले. सकाळपासून फिलिबेरच्या अंगणात डुक्कर ओरडत होतं, मग ओरडायचं थांबलं. त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हटली. सगळ्यांनाच वाचवता येत नाही.

बाजारात तीन बायकांनी मला आपण होऊन सांगितलं, की सणाला वटवाघूळ म्हणजे अगदी हलकं दिसतं, आमच्याकडे कधीच नसतं. दोघींच्या घरी मी स्वतः खाल्लं आहे. या गावाला पापाची भीती कधी नव्हती, हसं होण्याची आहे. सेमिनरीत हे शिकवत नसावेत. आता शुक्रवारी ते मांस आहे आणि रविवारी उपासाचं आहे. उरलेल्या वारी कोणी खाल्लं तर बघू, त्यालाही काही तरी सुचेल.

फादर वॅलेर रस्त्यात भेटले. मोटरसायकल थांबवून म्हणाले, "मादमोझेल, याला शास्त्राधार काय?"

"फादर अन्सेल्म," मी म्हटलं.

ते हसले. हसताना ते जरा बरे दिसतात. दाढी ठेवली तर आणखी बरे दिसतील, असं मी त्यांना सांगितलं.

३१ मार्च, ईस्टर

एर्मिनीने ताट पाठवलं. डुकराचं मांस चिवट होतं आणि दालचिनी करपली होती. त्या बाईला विस्तव कळत नाही. लेओकादीने सगळं खाल्लं, वर हाडही चोखलं. मी बघत होते, लवकर लवकर खाते का म्हणून. सावकाश खाल्लं.

ऊन उतरल्यावर खुर्ची खिडकीला अगदी लावून घे म्हणाली, आणि मलाही बसवलं. मी या झाडाकडे अशी बसून कधी बघितलंच नव्हतं. किती घाणेरडी सवय त्यांची, एकमेकांना ढकलतात, ओरबाडतात, जागेवरून किंचाळतात. बाजाराच्या दिवशी धक्क्यावर असतं तसं. लेओकादीने सगळ्यांना नावं दिली आहेत. ती जाडी, हलत नाही ती, मदर क्लेमांस. तो उगाच इकडून तिकडे सरपटणारा फादर वॅलेर.

"आणि ती बघ, खालच्या फांदीवरची," ती म्हणाली. "शेजारणीला सारखी टोचते ना, ती. सगळ्यांना हाकलते. कोणी जवळ आलेलं खपत नाही. पण पाऊस आला की त्याच शेजारणीवर पंख धरते. ती तितांस."

"मला वटवाघूळ म्हणतेस?"

"म्हणते."

आजारी माणसाशी वाद घालू नये. अंधारायला लागलं तशी ती एकेक सुटून खाली पडायला लागली, आणि दर वेळी वाटायचं, आता आपटणार, तेवढ्यात वारं धरून समुद्रावर निघायची. लेओकादीचा हात माझ्या हातात कधी आला कळलं नाही. थंड होता, म्हणून मी चोळत बसले.

खालच्या फांदीवरची ती सगळ्यात शेवटी गेली. सगळी निघाली का ते बघत असल्यासारखी. बाकीच्यांपेक्षा तिची मान जरा जास्त सोनेरी आहे. कुरूपच आहे, पण मान बरी आहे.